रोव्हर, कॉर्स आणि सिमकार्ड : मोबाईल डेटावरच्या मोजणीचा रोखठोक आढावा

भारतीय सर्वेक्षण विभागाची कॉर्स सेवा (कायम चालू असलेल्या उपग्रह-संदर्भ स्टेशनांवरून नेटवर मिळणारी दुरुस्ती, म्हणजे करेक्शन), एक बरा रोव्हर (काठीवरचा उपग्रह-रिसीव्हर) आणि दोन वेगळ्या कंपन्यांची सिमकार्डे. एवढ्या सामानावर देशावरच्या मोकळ्या रानात दोन-तीन सेंटिमीटरच्या आत पॉइंट बसतो. स्वतःचा बेस (ठाऊक जागेवर ठेवलेला दुसरा रिसीव्हर) मांडा, त्याच्यापाशी दिवसभर माणूस बसवा, रेडिओ आणि जड बॅटरी वाहा, ही सगळी उस्तवार संपते. तेव्हा निकाल आधीच सांगून टाकतो. पठारावरच्या शिवारात काम असेल तर ही सेवा जरूर घ्या. घाटात, कोकणातल्या वाड्यांवर, मेळघाट किंवा गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात काम असेल तरीही घ्या, पण जुना बेस विकू नका.

सेवेबद्दलची सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार म्हणजे ‘फिक्स येत नाही, नेट स्लो आहे’. (फिक्स म्हणजे सेंटिमीटरची अचूकता लागलेली अवस्था, फ्लोट म्हणजे त्याहून ढोबळ.) करेक्शनला नेटचा वेग फारसा लागतच नाही. जीपीएस, ग्लोनास, गॅलिलिओ आणि बायडू या चारही उपग्रह-समूहांचे करेक्शन सेकंदाला साधारण ६०० ते १,००० बाइट, म्हणजे आठ तास रोव्हर चालवला तरी वीस-तीस एमबी. रोज दीड जीबी देणाऱ्या रिचार्जमध्ये ही रक्कम चिल्लरसुद्धा नाही. लागते ते सातत्य. दर सेकंदाला एक पुडके, न चुकता. व्हिडिओ थोडा पुढचा साठवून ठेवून चालतो, म्हणून नेट अडखळले तरी बघणाऱ्याला कळत नाही. आरटीकेला, म्हणजे करेक्शन लावून जागच्या जागी पॉइंट काढण्याच्या या पद्धतीला, असा साठा करता येत नाही. पंधरा सेकंद पुडके आले नाही की तेवढ्या शिळ्या करेक्शनवर रोव्हर गणित करतो, आणि आणखी वेळ गेला की फिक्सवरून फ्लोटवर घसरतो.

राज्यात ७७ कॉर्स स्टेशने आहेत. महाराष्ट्राचे क्षेत्रफळ ३,०७,७१३ चौरस किमी, म्हणजे सरासरीने चार हजार चौरस किमीला एक. दोन शेजारच्या स्टेशनांत साठ-सत्तर किमी अंतर. तुम्ही दोहोंच्या मधोमध उभे असाल तर जवळचे स्टेशनही तीस-पस्तीस किमीवर. रोव्हरच्या माहितीपत्रकात ‘८ मिमी अधिक १ पीपीएम’ असे लिहिलेले असते, त्यातला पीपीएम म्हणजे दर किलोमीटरला एक मिलिमीटर. ३५ किमीवरच्या एकट्या स्टेशनवरून काम केले तर कागदावरच ४३ मिमी होतात, आणि आयनोस्फिअर (वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर) बिघडलेले असेल तर फिक्सच मिळत नाही. म्हणून नेटवर्क आरटीके. सर्व्हर आजूबाजूच्या चार-पाच स्टेशनांवरून वातावरणाच्या चुकीचा अंदाज बांधतो आणि तुम्ही उभे आहात त्याच्याजवळ एक आभासी बेस तयार करून त्याचे करेक्शन पाठवतो. हेच व्हीआरएस, व्हर्च्युअल रेफरन्स स्टेशन.

यात एक मेख आहे. आभासी बेस तुमच्यापासून काही मीटरवर असल्यामुळे कंट्रोलरच्या पडद्यावर बेसलाइन, म्हणजे बेसपासूनचे अंतर, दहा-वीस मीटर दिसते आणि सॉफ्टवेअर त्या हिशेबाने अचूकता काढते. ‘एचआरएमएस ०.००८’ हा आडव्या चुकीचा (मीटरमधला) आकडा बघून खूश होणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. खरी स्टेशने तिथून तीस किमीवरच आहेत. पडद्यावरचा आकडा म्हणजे रोव्हरने स्वतःला दिलेले प्रगतिपुस्तक.

जोडणी

पोर्टलवर नोंदणी करून लॉगिन आणि पासवर्ड मिळाला की रोव्हरच्या अ‍ॅपमध्ये पाच गोष्टी भरायच्या: सर्व्हरचा पत्ता, पोर्ट, लॉगिन, पासवर्ड, माउंटपॉइंट (सर्व्हरवरून हव्या त्या जातीच्या करेक्शनचे नाव). एनट्रिपचे, म्हणजे नेटवरून करेक्शन पाठवण्याच्या पद्धतीचे, रूढ पोर्ट २१०१ आहे, तरी पोर्टलवर दिले असेल तेच टाका. माउंटपॉइंट हाताने टाइप करण्यापेक्षा ‘सोर्स टेबल’ मागवून यादीतून निवडा. लहान-मोठ्या अक्षराच्या चुकीत अर्धा तास जातो. यादीत साधारण दोन जातींचे पर्याय असतात, नेटवर्कचे करेक्शन आणि जवळच्या एका स्टेशनचे करेक्शन. नेहमीच्या कामाला पहिला घ्या. दुसरा अगदीच टाकाऊ नाही. स्टेशनपासून दहा-बारा किमीच्या आत काम असेल तर तो तितकाच चांगला चालतो आणि बेस खरा असल्याने पडद्यावरची बेसलाइनही खरी दिसते.

करेक्शन आरटीसीएम ३ या ठरलेल्या मांडणीतल्या एमएसएम नावाच्या संदेशांतून येते. जुन्या रोव्हरला हे संदेश कळत नसतील तर नेट चालू, बाइट येत आहेत, पण रोव्हर ‘सिंगल’ (करेक्शनशिवाय) वरच, असा प्रकार होतो. त्यावर इलाज फर्मवेअर अद्ययावत करण्याचा. ते जमत नसेल तर जुन्या संदेशांचा माउंटपॉइंट आहे का बघायचा, पण त्यात बहुधा गॅलिलिओ आणि बायडू मिळत नाहीत.

नवख्यांना हमखास अडवणारी गोष्ट जीजीएची. व्हीआरएसला तुम्ही कुठे आहात ते कळल्याशिवाय आभासी बेस बांधता येत नाही, म्हणून रोव्हरने आपली जागा जीजीए या ओळीतून दर पाच-दहा सेकंदांनी सर्व्हरला कळवायची असते. अ‍ॅपमधला ‘जीजीए पाठवा’ हा पर्याय बंद असेल तर ‘कनेक्टेड’ असे हिरवे अक्षर येते आणि बाइटचा आकडा शून्यावर बसून राहतो. ऑफिसात टेबलावर रोव्हर ठेवून चाचणी केली तरी हेच होते, कारण छपराखाली रोव्हरला स्वतःचीच जागा ठाऊक नसते. सेवा बंद आहे अशी ओरड करण्याआधी रोव्हर गच्चीवर न्या.

बाकीच्या खुणा पटकन ओळखता येतात. ‘४०१’ आले तर लॉगिन किंवा पासवर्ड चुकला. करेक्शनऐवजी यादीच परत आली तर माउंटपॉइंटचे नाव चुकले. दर थोड्या वेळाने जोडणी तुटत असेल तर तेच लॉगिन दुसऱ्या रोव्हरवर चालू आहे का ते आधी बघा. दोघे एकमेकांना ढकलून बाहेर काढत असतात. एका लॉगिनवर दोन पार्ट्या चालवण्याची काटकसर इथे महागात पडते.

सिम रोव्हरमध्ये घालत असाल तर एपीएन (कंपनीच्या डेटा-जोडणीचे नाव) तपासा. जिओसाठी जिओनेट, बीएसएनएलसाठी बीएसएनएलनेट, एअरटेलसाठी एअरटेलजीपीआरएस डॉट कॉम. सगळे इंग्रजी छोट्या अक्षरांत, मध्ये जागा न सोडता. सिमचा पिन आधीच काढून टाका. जुन्या, फक्त थ्रीजी मोडेम असलेल्या रिसीव्हरमध्ये जिओचे सिम कधीच चालणार नाही, कारण जिओला टूजी-थ्रीजी नाहीच. अशा रिसीव्हरला फोनचे हॉटस्पॉट देणे हाच मार्ग.

फोनवरून करेक्शन देताना

सिम कुठे घालायचे याबद्दल मतभेद आहेत. आमचे मत असे: नेट कंट्रोलरमधून किंवा फोनमधून घ्या आणि रोव्हरला ब्लूटूथने द्या. रोव्हर झाडाखाली, खड्ड्यात, विहिरीच्या काठावर जातो. फोन हातात असतो, दोन पावले बाजूला नेता येतो, त्याचे सिम बदलता येते, रेंज डोळ्यांना दिसते. रोव्हरच्या पोटातल्या सिमचे काय चालले आहे ते कळायलाच दहा मिनिटे जातात.

पण फोन हा मुळात मोजणीचे यंत्र म्हणून बनलेला नाही आणि तो आपल्या शहाणपणाने कामात बिब्बा घालतो. पहिली गोष्ट बॅटरी वाचवण्याची. पडदा बंद झाला की फोन अ‍ॅपला झोपवतो आणि करेक्शन थांबते. अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये जाऊन बॅटरीचे बंधन काढून टाका, ‘अनरिस्ट्रिक्टेड’ करा. दुसरी, दोन सिमच्या फोनमधले ‘डेटा आपोआप बदला’ हे बटण. एका सिमची रेंज कमी झाली की फोन दुसऱ्यावर उडी मारतो, आयपी पत्ता बदलतो, एनट्रिपची जोडणी तुटते आणि पुन्हा फिक्स यायला अर्धा-एक मिनिट. ते बंद ठेवा आणि सिम हाताने बदला. तिसरी, फाइव्हजी. गावाच्या कडेला फोन फाइव्हजी आणि फोरजीमध्ये सारखा हेलकावे खातो. करेक्शनला फाइव्हजीचा कवडीचा फायदा नाही. फोन फोरजीवर लावून टाका. आणि त्याच फोनवर कॉल घ्यायचे नाहीत. व्होल्टे नसलेल्या ठिकाणी कॉल टूजीवर जातो आणि बोलणे संपेपर्यंत डेटा बंद.

विदर्भातल्या मे महिन्यात आणखी एक अडचण. ४४-४५ अंशांत, पडदा पूर्ण उजेडावर आणि हॉटस्पॉट चालू, अशा अवस्थेत फोन तापतो आणि स्वतःच हॉटस्पॉट बंद करतो. काठीवरच्या काळ्या क्लॅम्पमध्ये अडकवलेला फोन सर्वांत आधी जातो. फोन खिशात किंवा पांढऱ्या कापडाखाली ठेवा आणि मोजणीच्या वेळी त्याला पॉवर बँक लावू नका, चार्जिंगने तो अधिकच तापतो.

रेंजच्या कांड्यांवर विश्वास ठेवायचा नाही. आठवडी बाजाराच्या दिवशी, जत्रेत, आषाढी वारीच्या वाटेवर कांड्या पूर्ण असतात आणि डेटा हलत नाही, कारण टॉवरवर गर्दी असते. बघायचा आकडा एकच, करेक्शनचे वय. एक-दोन सेकंद उत्तम, पाचपर्यंत चालेल. दहाच्या वर गेले की पॉइंट घेऊ नका, फिक्स दिसत असला तरी. बहुतेक अ‍ॅपमध्ये ‘करेक्शनचे वय इतक्याच्या वर असेल तर नोंदवू नये’ अशी मर्यादा घालता येते. ती पाच सेकंदांवर लावून ठेवली की घाईच्या माणसालाही शिस्त लागते.

फिक्स म्हणजे पुरावा नव्हे

नेट सुरळीत, वय एक सेकंद, पडद्यावर हिरवा ‘फिक्स’, आणि तरी पॉइंट चाळीस सेंटिमीटर बाजूला. असे होते, आणि बहुतेक वेळा झाडाखाली होते. रोव्हर उपग्रहापर्यंतच्या पूर्ण तरंगांची संख्या ठरवतो तेव्हा फिक्स लागतो. पानांतून गाळून आलेले, पत्र्याच्या शेडवरून परतलेले सिग्नल मिसळले की चुकीची संख्याही गणितात चपखल बसू शकते. यंत्राला आपण चुकलो हे माहीत नसते.

आपल्याकडचे बांध म्हणजे चिंच, कडुनिंब, बाभूळ आणि आंब्याच्या रांगा, आणि हद्दीचा दगड नेमका बुंध्याशी. ऊस पट्ट्यात तर आणखी गंमत. शिरोळ-वाळव्याकडचा तयार ऊस तीन मीटरच्या आसपास, पाने ओली, आणि कोपरा उसाच्या पोटात. दोन मीटरच्या काठीवर रोव्हरला पानांशिवाय काही दिसत नाही. इथे फिक्सची वाट बघत उभे राहण्यापेक्षा पुढची रीत धरा.

कोपऱ्यापासून दहा-पंधरा मीटरवर, आकाश मोकळे असेल अशा दोन जागा शोधा, एक बांधाच्या या अंगाला, दुसरी त्या अंगाला, अशा की कोपऱ्याशी होणारा कोन साधारण ६० ते १२० अंशांत येईल. दोन्ही जागी खुंटी ठोका. प्रत्येकीवर ६० नोंदींची सरासरी घ्या, काठीला बायपॉड (दोन पायांचा आधार) लावून. मग दोन खुंट्यांमधले अंतर टेपने मोजा आणि अ‍ॅपमधल्या अंतराशी ताडून बघा. दोन सेंटिमीटरच्या आत आले तर पुढे चला. आता दोन्ही खुंट्यांपासून कोपऱ्यापर्यंत टेप ताणून आडवे अंतर घ्या आणि अ‍ॅपच्या ‘दोन अंतरे’ किंवा ‘इंटरसेक्शन’ या सोयीत भरा. उत्तरे दोन निघतात, रेषेच्या एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला एक, त्यातले योग्य निवडा. पाच-सात मिनिटांचे काम, आणि झाडाखालच्या संशयास्पद फिक्सपेक्षा शंभर पट भरवशाचे. कोपरे दहाच्या वर असतील तर सरळ टोटल स्टेशन (कोन आणि अंतर मोजणारे दुर्बिणीचे यंत्र) लावा.

मोकळ्यावरच्या महत्त्वाच्या पॉइंटलाही एक परीक्षा घ्यायचीच. पॉइंट घेतला की रोव्हर उलटा करा, उपग्रह तुटू द्या, पुन्हा सरळ करून नव्याने फिक्स लागू द्या आणि तोच पॉइंट परत घ्या. दुसरी नोंद वीस मिनिटे ते अर्ध्या तासाने घेतली तर फारच छान, तोवर उपग्रहांची मांडणी बदललेली असते. आडव्या दिशेत तीन सेंटिमीटरच्या वर फरक आला तर दोन्ही टाकून द्या. दोहोंची सरासरी काढणे हा या धंद्यातला सर्वांत लाडका आळस आहे. एक नोंद चुकीची असेल तर सरासरीही चुकीचीच.

काठीचेही बघा. दोन मीटरच्या काठीवर बबल (काठी सरळ उभी आहे का ते दाखवणारा बुडबुडा) एक अंश कलला की टोकाला ३५ मिमी फरक. म्हणजे सरकारने ७७ स्टेशने उभारून कमावलेली अचूकता मोडक्या बबलने घालवता येते. काठी १.८ वरून २ मीटर केली आणि अ‍ॅपमध्ये बदल केला नाही, तर उंचीत सरळ २० सेंमी. तिरप्या काठीची भरपाई करणारे रोव्हर आता सर्रास मिळतात आणि विहिरीच्या काठावर, भिंतीच्या कोपऱ्यावर त्यांचा उपयोग होतो. हद्दीच्या दगडावर मात्र काठी उभीच धरा.

दुपार आणि घाट

आपण विषुववृत्तापासून फार लांब नाही, त्यामुळे डोक्यावरचे आयनोस्फिअर युरोपच्या मानाने बरेच खट्याळ. दुपारी एक ते चारच्या दरम्यान त्यातली इलेक्ट्रॉनची घनता सर्वांत जास्त असते. मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सूर्यास्तानंतर ते चक्क उकळते, सिग्नल लुकलुकतात, एकामागून एक उपग्रह सुटतात. २०२४ च्या आगेमागे सौरचक्राचा कळस असल्याने हा त्रास ठळक जाणवला. स्टेशनांमधले अंतर साठ-सत्तर किमी असताना सर्व्हरचा अंदाज अशा वेळी कमी पडतो. लक्षण असे: नेट ठीक, आकाश मोकळे, वीसच्या वर उपग्रह, आणि तरी रोव्हर फ्लोटवर अडलेला. अशा वेळी सिम बदलण्यात अर्थ नाही. नियंत्रण बिंदू आणि हद्दीचे कोपरे सकाळी आठ ते बारात उरका, दुपारी तपशील भरा. रात्री रहदारी थांबवून रस्त्याची मोजणी करणाऱ्यांनी या महिन्यांत तारखा ठरवताना हे ध्यानात घ्यावे.

घाटाची कहाणी वेगळी. महाड जवळपास समुद्रसपाटीला आणि महाबळेश्वर साडेतेराशे मीटरवर, सरळ रेषेत अंतर थोडकेच. पावसाळ्यात खालची हवा दमट, वरची गार. वरच्या आणि खालच्या स्टेशनांवरून मधल्या उतारासाठी काढलेला अंदाज आडव्या दिशेत निभावतो, उंचीत काही सेंटिमीटर खातो. शिवाय दरीत अर्धे आकाश डोंगराने झाकलेले आणि टॉवरची रेंज खिंडीपाशी संपलेली. भोर, वेल्हे, मुळशीच्या पश्चिम अंगाला काम असेल तर नेटवर्क आरटीके हा एकमेव आधार धरू नये.

उंची आणि क्षेत्रफळ: इथे पैसे बुडतात

कॉर्सवरून मिळणारी उंची पृथ्वीच्या गणिती लंबगोलावरची, म्हणजे एलिप्सॉइडची असते. महाराष्ट्रात ती समुद्रसपाटीपासूनच्या उंचीपेक्षा साठ-सत्तर मीटरनी कमी येते. कोकणातल्या पुळणीवर उभे राहिले की पडद्यावर उणे साठच्या पुढचा आकडा दिसतो. यंत्र बिघडलेले नाही. अ‍ॅपमध्ये ईजीएम २००८ सारखे जिऑइडचे (समुद्रसपाटीच्या पृष्ठाचे) प्रारूप घातले की आकडा ओळखीचा होतो, पण जवळच्या बेंचमार्कशी (उंची ठरलेल्या खुणेशी) फरक उरतोच. शेततळे, साधा रस्ता यांना चालेल. कालव्याचा उतार, गटाराची लाइन असेल तर दोन-तीन बेंचमार्कवर रोव्हर धरून फरक काढा, आणि अंतिम लेव्हल ऑटो लेव्हलनेच.

क्षेत्रफळाचा घोळ याहून वाईट, कारण तो दिसत नाही. बहुतेक जण काम यूटीएममध्ये करतात, म्हणजे जगाला सहा-सहा अंशांच्या पट्ट्यांत (झोनमध्ये) वाटणाऱ्या नकाशा-पद्धतीत. यूटीएमच्या मध्यरेषेवर सगळी अंतरे मुद्दाम ०.९९९६ ने आखडलेली असतात, आणि ४३ व्या झोनची मध्यरेषा, ७५ अंश पूर्व, अहिल्यानगरच्या जवळून जाते. तिथल्या जमिनीच्या उंचीची भर घातली की जमिनीवरचा एक किमी नकाशावर जवळपास ४९ सेंमी कमी भरतो. क्षेत्रात हाच फरक दहा हेक्टरला सुमारे ९८ चौरस मीटर, म्हणजे एका गुंठ्याहून जेमतेम तीन चौरस मीटर कमी. मुंबईत उलटे, तिथे किमीला साधारण २२ सेंमी जास्त दिसतात. टेप आणि रोव्हर जुळत नाहीत म्हणून यंत्रावर शंका घेण्याआधी अ‍ॅपमध्ये ‘ग्रिड’ (नकाशावरचे) अंतर दिसते आहे की ‘ग्राउंड’ (जमिनीवरचे) ते बघा. क्षेत्र काढताना ग्राउंडच.

७८ अंश पूर्व रेखांशावर झोन बदलतो. अमरावती शहर ४३ मध्ये, वर्धा-नागपूर ४४ मध्ये. अमरावती, यवतमाळ आणि नांदेड हे जिल्हे दोहोंत विभागलेले. अ‍ॅपला झोन आपोआप निवडायला सांगितले असेल तर एकाच रस्त्याच्या मोजणीत पूर्वेचा निर्देशांक (मीटरमध्ये) ८ लाख १३ हजारांवरून १ लाख ८६ हजारांवर उडी मारतो. कामाच्या सुरुवातीला झोन ठरवून कुलूप लावून टाका.

एक सूक्ष्म पण त्रासदायक मुद्दा. भारताचा भूपट्ट दर वर्षी साधारण ५ सेंमी ईशान्येकडे सरकतो. कॉर्सचे निर्देशांक एका ठरलेल्या काळाला बांधलेले असतात, तर परदेशी ऑनलाइन पीपीपी सेवा (बेसशिवाय एकट्या रिसीव्हरच्या डेटावरून जागा काढणाऱ्या) आजच्या तारखेचे देतात. पूर्वीच्या बेसचे निर्देशांक पीपीपीने काढलेले असतील आणि नवे काम कॉर्सवर असेल, तर दोन्ही अचूक असूनही काही डेसिमीटरचा फरक दिसेल. जुन्या कामाचे तीन-चार पॉइंट कॉर्सवर पुन्हा घ्या आणि जुने सगळे त्या फरकाने सरकवा. अर्धे काम जुन्यात, अर्धे नव्यात, असे कधी ठेवू नका.

गट नकाशाशी ताळमेळ हा तर वेगळाच विषय. १:५००० च्या नकाशावर अर्ध्या मिलिमीटरची रेघ जमिनीवर अडीच मीटर असते. साखळी आणि प्लेन टेबलच्या काळातल्या नकाशावर दोन सेंटिमीटरचा पॉइंट टाकून शेजाऱ्याचे अतिक्रमण सिद्ध करायला निघालेले शेतकरी आणि त्यांना तसे करायला लावणारे खाजगी मोजणीदार, दोघांनीही जरा सबुरी धरावी. हद्द कायम करण्याचे काम भूमी अभिलेख विभागाचे. तिथे आता भूकरमापकही रोव्हरच वापरतात, पण हद्द ठरते ती टिपण, फाळणी नकाशा, गटबुक आणि जागेवरच्या खुणांवरून. खाजगी मोजणी नियोजनाला, खरेदीपूर्व अंदाजाला, लेआउटला. ‘क’ प्रतीची, म्हणजे सरकारी मोजणी नकाशाच्या नकलेची, जागा ती घेत नाही.

नेट नसेल तिथे

पर्याय तीन. पहिला, स्वतःचा बेस आणि रेडिओ. ४१० ते ४७० मेगाहर्ट्झच्या रेडिओला केंद्राच्या डब्ल्यूपीसीचा (बिनतारी परवाने देणाऱ्या शाखेचा) परवाना लागतो. ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचे लोरा (कमी शक्तीचा रेडिओ) विनापरवाना चालते, पण डोंगर आडवा आला की संपले. दुसरा, बेस रेंज असलेल्या टेकडीवर ठेवून स्वतःचेच करेक्शन नेटवरून पाठवणे. इथे दोन्ही टोकांना नेट लागते, त्यामुळे अडचण अर्धीच सुटते. तिसरा सर्वांत दुर्लक्षित आणि आमच्या मते सर्वांत कामाचा: कच्चा डेटा नोंदवून नंतर गणित करणे. रोव्हरमध्ये नोंद चालू करून कंट्रोल पॉइंटवर पाऊण तास तिपाईवर उभा ठेवा, नंतर त्याच वेळेचा कॉर्स स्टेशनांचा रायनेक्स (कोणत्याही सॉफ्टवेअरला चालणाऱ्या मांडणीतला कच्चा) डेटा पोर्टलवरून घेऊन सॉफ्टवेअरमध्ये सोडवा. असे दोन पॉइंट झाले की पुढचे काम टोटल स्टेशनने, रेंजची आशा न धरता.

नोंद तशीही रोज चालू ठेवावी, नेट उत्तम असले तरी. मेमरी स्वस्त आहे, आणि एखाद्या पॉइंटवर वाद झाला तर तपासायला कच्चा डेटा हाताशी असतो. आरटीकेचा निव्वळ निर्देशांक ठेवला तर तपासायला काहीच उरत नाही.

घ्यायचा असेल तर

रोव्हर निवडताना उपग्रहांच्या चॅनेलची संख्या बघण्यात वेळ घालवू नका. हजार चॅनेल लिहिलेले असले तरी आकाशात एका वेळी दिसणारे उपग्रह पन्नासच्या आसपास. बघायचे ते असे: फोरजी मोडेम आपल्याकडचे ३, ५, ८, ४० हे बँड पकडतो का, एनट्रिपसाठी वेगळे वार्षिक शुल्क लागते का, कच्चा डेटा रायनेक्समध्ये निघतो का, बॅटरी बदलता येते का, आणि दुरुस्तीला यंत्र कुठे पाठवावे लागते. अ‍ॅप कंपनीचेच हवे असे नाही. ब्लूटूथने एनएमईए (जागा कळवणाऱ्या प्रमाणित ओळी) देणारा रोव्हर असेल तर नेपाळमध्ये तयार झालेले एसडब्ल्यू मॅप्स फुकटात एनट्रिप चालवते, आणि लेफेब्युरचे एनट्रिप क्लायंट तर अनेकांच्या फोनमध्ये आधीपासून असते.

विक्रेता डेमो मोकळ्या मैदानात देतो, स्वतःच्या हॉटस्पॉटवर, सकाळी दहाला. तो घ्या, आणि मग त्याला दुपारी तीन वाजता तुमच्या सिमवर, एका आंब्याखाली आणि एका पत्र्याच्या शेडशेजारी तेच पॉइंट दोनदा घ्यायला लावा. फरकाचे आकडे त्याच्यासमोर वहीत उतरवा आणि मगच भावाचे बोला.